वेणीची पंधरा मिनिटे



या सदरात आपण आजवर ठेवींच्या मुदती, वारसनोंद, लॉकरचे नियम आणि मृत्युपत्र अशा विषयांचा ऊहापोह करीत आलो आहोत. आजचा विषय या पंक्तीत सहज बसणारा नाही. आज मी मुलींच्या वेण्यांविषयी लिहिणार आहे. सदतीस वर्षे बँकेत आकडे मांडलेल्या बाईने केशरचनेवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हाही एक हिशेबच आहे आणि माझ्या खातेवहीत तो फार वर्षे न जुळलेला राहिला होता.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझी लेक आणि जावई याच शहरात कापडाचे दुकान चालवितात. लग्नसराई ऐन भरात होती आणि अशातच विहीणबाई अंगणात घसरल्या. उजव्या मनगटाचे हाड मोडले. त्या घरी नातीच्या वेण्या रोज त्याच घालीत. हात प्लास्टरमध्ये गेला, लेकीला दुकानातून डोके वर काढावयास सवड नव्हती, म्हणून तिसरीत शिकणारी माझी नात दीड महिना माझ्याकडे राहावयास आली. शाळा सकाळी साडेसातची. खांद्याखाली केस असतील तर दोन वेण्या आणि पांढऱ्या रिबिनी, असा शाळेचा नियम.

पहिल्या दिवशी मी घातलेल्या दोन वेण्यांपैकी एक कानाच्या वर होती, दुसरी मानेवर. मंदिरातून दर्शन घेऊन बाहेर येईतो डावी वेणी निम्मी सुटली. दुपारी नात परतली ती दोन्ही वेण्या नीटनेटक्या मिरवीत. म्हणाली, “आजी, मधल्या सुट्टीत बाईंनी परत घातल्या. बाई विचारत होत्या, आई गावाला गेली का म्हणून.”

त्याच संध्याकाळी तिने कपाटातून जुना अल्बम काढला. लेकही तिला भेटावयास आली होती. शाळेच्या गणवेषातील एका छायाचित्रावर बोट ठेवून नातीने विचारले, “आजी, हा मुलगा कोण?”

मी काही बोलण्याआधीच लेक म्हणाली, “मीच ती.” आणि तिने पान उलटले.

त्या छायाचित्रामागची हकिगत अशी. १९९६ च्या जूनमध्ये मला बढती मिळाली आणि चाळीस किलोमीटरवरच्या शाखेत बदली झाली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांची एसटी गाठावी लागे. लेक तेव्हा चौथीत होती. तिचे केस कमरेपर्यंत होते. तोवर तिची वेणीफणी सासूबाई करीत. त्या वर्षी संधिवाताने त्यांची बोटे आखडली आणि ते काम माझ्याकडे आले. चार दिवस मी ते कसेबसे केले. पाचव्या दिवशी एसटी चुकली. त्या रविवारी मी लेकीला घेऊन गेले आणि तिचे केस मुलासारखे बारीक कापवून आणले. रोजची वीस मिनिटे वाचली. त्या निर्णयाचा मला तेव्हा अभिमानच वाटला होता. लेक रडली नाही, रुसली नाही. त्यामुळे प्रश्न मिटला असे मी धरून चालले.

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी वेणी शिकावयास बसले, त्यामागे हे सारे होते. जे शिकले ते क्रमाने सांगते. ज्या घरांत आजी आहेत तेथे यातले बरेच ठाऊक असेल. ज्या घरांत ही कला मधल्या एका पिढीत सुटली आहे, त्यांना याचा उपयोग व्हावा.

प्रथम साहित्य. रुंद दातांचा एक कंगवा, भांग पाडण्यासाठी निमुळत्या दांड्याचा दुसरा, कापडाने मढविलेली चार रबरे आणि चार चाप, इतके पुरे. माझ्या घरात बँकेच्या सवयीने नोटांच्या गड्डीला लावायच्या रबरांचा मोठा साठा असे. पहिल्या दिवशी मी तेच वापरले आणि काढताना नातीच्या डोळ्यांत पाणी आले. उघडे रबर केसांना चिकटते आणि निघताना त्यांना तोडून घेऊन जाते. कापडी रबरातही जेथे धातूचा जोड असतो तेथे केस अडकतात. तो जोड नसलेले घ्यावे. आपल्या घरांसाठी आणखी एक सूचना. बाजारातील काही ब्रश रानडुकराच्या राठ केसांचे असतात आणि शिंगाच्या फण्याही मिळतात. ‘बोअर ब्रिसल’ असे लिहिलेले असल्यास तो प्राण्याच्या केसांचा आहे असे समजावे. लाकडाचा कंगवा किंवा नायलॉनचा ब्रश तितकेच काम करतो.

दुसरी पायरी गुंता सोडविण्याची. मुली रडतात त्या बहुधा येथेच, आणि चूक आपलीच असते. आपण कंगवा टाळूवर टेकवितो आणि खाली ओढतो. त्यामुळे वरचे सारे गुंते खालच्या गुंत्यावर जाऊन बसतात व मूठभर केसांची एकच गाठ होते. केसांचे चार भाग करावेत. एकेका भागाची टोके आधी विंचरावीत, मग त्याच्या चार बोटे वरून, मग त्याच्याही वरून, असे करीत शेवटी मुळाशी यावे. गाठ लागल्यास तिच्या वरच्या बाजूस केस मुठीत घट्ट धरावेत. मग कंगव्याची ओढ मुठीतच थांबते, मुलीच्या डोक्यापर्यंत पोहोचत नाही. ही एक गोष्ट जमली त्या दिवसापासून आमच्या घरातील सकाळची कुरकुर निम्म्याहून कमी झाली. रात्री झोपताना एक सैल वेणी घालून ठेवली तर सकाळी गुंता मुळी होतच नाही. ओले केस सुक्या केसांपेक्षा अधिक ताणले जातात आणि लवकर तुटतात, म्हणून न्हाल्यानंतर ते वाळू द्यावेत. ओल्या केसांची आवळलेली वेणी दिवसभर आतून दमट राहते व वासही येतो. न्हाणे आदल्या संध्याकाळी उरकावे, म्हणजे शाळेच्या सकाळी ही अडचण येत नाही.

आता शेपटी, जिला मुली पोनी म्हणतात. सर्वांत सोपी, म्हणूनच तिच्यात सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. हनुवटीपासून कानाच्या टोकावरून मागे एक तिरकी रेघ कल्पावी. ती डोक्याच्या मागे जेथे भेटते तेथे शेपटी बांधली असता ती चेहऱ्याला शोभते. उंच शेपटी बांधताना मुलीला मान खाली घालावयास सांगू नये. मान खाली असताना गोळा केलेले केस तिने मान वर करताच मानेवर झोळ टाकतात. तिला किंचित वर, छताकडे पाहावयास सांगावे आणि मग केस गोळा करावेत. रबराचे दोन वेढे सहसा पुरतात. बांधून झाल्यावर तिला भुवया वर करावयास सांगाव्यात. कपाळाची कातडी ताणल्यासारखी वाटली किंवा तिने तोंड वाकडे केले, तर रबर सैल करावे. वडिलांच्या मागे दुचाकीवर बसणाऱ्या मुलीची शेपटी मानेलगत बांधावी, म्हणजे हेल्मेट नीट बसते. शेपटीच्या कारणाने हेल्मेट घरी राहता कामा नये.

मग दोन वेण्या. नाकाच्या शेंड्यापासून मानेच्या खळगीपर्यंत सरळ भांग पाडावा. भांग वाकडा गेला तर एक वेणी जाड व दुसरी बारीक होते, हे मला चार दिवसांनी उमगले. एक बाजू चापाने बांधून बाजूला ठेवावी. दुसऱ्या बाजूचे तीन समान पेड करावेत. उजवा पेड मधल्यावरून आत, मग डावा मधल्यावरून आत. जो मध्ये आला तो मधला. यापलीकडे त्यात गूढ नाही. खरी मेख ताण सारखा ठेवण्यात आहे. पहिले दोन-तीन वेढे डोक्याजवळ हलक्या हाताने घालावेत आणि पुढे घट्टपणा वेणीच्या अंगात ठेवावा, मुळाशी नव्हे. तसेच वेणी जेथे लोंबावयास हवी तेथेच हात ठेवून गुंफावे. कानामागची वेणी पाठीकडे हात ठेवून घातली की ती पाठीकडेच वळते. शेवटी दोन-तीन इंच केस मोकळे सोडून रबर लावावे.

रिबिनीची वेणी घालावयाची असेल तर रिबीन मधोमध दुमडून वेणीच्या निम्म्यावर ठेवावी, तिची दोन टोके दोन पेडांसोबत गुंफत न्यावीत आणि खाली त्याच टोकांची गाठ मारून फूल करावे. अशी वेणी खेळाच्या तासालाही सुटत नाही. केस लांब असतील तर वेणी वर दुमडून कानापाशी बांधतात. आमच्या लहानपणी शाळेत तीच पद्धत होती.

याचा सराव मी नातीच्या डोक्यावर केला नाही. परकराच्या तीन रंगांच्या तीन नाड्या खुर्चीच्या पाठीला बांधल्या आणि रात्री बातम्या ऐकत गुंफत बसले. लाल, पांढरी, हिरवी असे रंग असले की कोणता पेड कोठे गेला हे डोळ्यांना कळते. चार रात्रींत हात बसला.

हात बसल्यावर सागरवेणीकडे वळावे. तिलाच पार्लरमध्ये फ्रेंच वेणी म्हणतात. कपाळाच्या वरच्या भागातून थोडेच केस घेऊन तीन पेड करावेत. एक वेढा साधा घालावा. त्यानंतर बाजूचा पेड मध्ये नेताना दरवेळी त्या बाजूची एक पातळ बट त्यात मिसळावी. मानेपर्यंत पोहोचेतो दोन्ही बाजूंचे सारे केस वेणीत आलेले असतात. पुढे साधी वेणी. बटा समान जाडीच्या घेतल्या की वेणी एकसारखी दिसते. पेड मधल्याच्या वरून न नेता खालून नेले तर तीच वेणी डोक्यावर उठून दिसते. समोरचे आखूड केस डोळ्यांवर येणाऱ्या मुलींना आणि क्रीडादिनासाठी ही उत्तम. खजुरी वेणीत तीनऐवजी दोनच भाग असतात. डाव्या भागाच्या बाहेरच्या कडेची बारीक बट उजव्या भागात, उजव्याच्या कडेची डाव्या भागात, असे करीत जावे. तिला वेळ लागतो. ती रविवारसाठी किंवा लग्नकार्यासाठी ठेवावी.

येथे एका गोष्टीकडे आवर्जून लक्ष वेधते. “घट्ट घाल, दिवसभर सुटायला नको,” असे आपण म्हणतो. रोज, महिनोन् महिने, त्याच जागी केस ओढले गेले तर मुळे दुबळी होतात आणि कपाळाच्या व कानशिलांच्या कडेने केस विरळ होऊ लागतात. १९०७ साली ग्रीनलंडमधील स्त्रियांच्या कपाळाकडचे केस अशा प्रकारे गेल्याची वैद्यकीय नोंद झाली. कारण होते रोजची घट्ट शेपटी. केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या, लाली, तुटलेले आखूड केस आणि वेणी सोडल्यावर डोके दुखणे, ही सुरुवातीची लक्षणे होत. त्याच वेळी ओढ थांबविली तर केस पुन्हा येतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले तर त्या जागी ते कायमचे जाऊ शकतात. उपाय बिनखर्चाचा आहे: आज उंच शेपटी तर उद्या मानेलगत वेणी, भांगाची जागा अधूनमधून बदलणे आणि शाळेतून आल्यावर केस मोकळे करणे. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक असते, त्याने घाबरून जाऊ नये. मात्र ते एकाच जागेवरून जात असतील तर त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे.

उवांचा प्रश्न आपल्या घरांत निराळ्या रीतीने उभा राहतो. सासूबाई फणीने काढलेली ऊ कधी चिरडीत नसत आणि आम्हांलाही चिरडू देत नसत. जीव मारावयाचा नाही आणि मुलीला त्रासही होऊ द्यावयाचा नाही, तर शहाणपण त्या होऊच न देण्यात आहे. उवा उडत नाहीत, उड्याही मारीत नाहीत. डोक्याला डोके लागले की त्या एका केसावरून दुसऱ्यावर जातात. वर्गात वह्यांवर एकत्र वाकणाऱ्या मुलींचे केस बांधलेले असतील तर ही वाट बरीच अरुंद होते. कंगवा, टोपी आणि हेअरबँड प्रत्येकीचे निराळे असावे. आठवड्यातून एकदा न्हाल्यावर, केस कंडिशनरने ओलसर असताना, बारीक फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवून पाहावी. लिखांतून नव्या उवा बाहेर पडावयास आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून एकदा फणी फिरवून भागत नाही. दोन-तीन आठवडे हे चालू ठेवावे. त्यापुढे औषधाचा विचार प्रत्येक घराने आपल्या डॉक्टरांशी बोलून करावा.

सुरक्षिततेचेही दोन शब्द. ज्यांची पिठाची चक्की, तेलघाणा किंवा पॅकिंगचे यंत्र दुकानालगत आहे, तेथे मुली खेळता खेळता पट्ट्यापाशी जातात. जत्रेतील चक्रे आणि पाळणे हीदेखील अशीच जागा. मोकळे केस व लांब लोंबणारी वेणी क्षणात ओढली जाते. अशा ठिकाणी वेणीचा अंबाडा करून चापाने पक्का बसवावा. आरतीच्या वेळी ज्योतीवर वाकणाऱ्या मुलीचे केसही मागे बांधलेलेच असावेत.

हे काम स्त्रियांचेच आहे, असे कोठेही लिहिलेले नाही. आपल्या घरांतील वेळापत्रक पाहा. शाळा साडेसातची, दुकानाचे शटर बहुधा दहाला वर जाते. त्याच सकाळी घरातील सून पाणी उकळणे, नाश्ता आणि डबे या तिन्हींत गुंतलेली असते. त्या तासाला वडिलांचे आणि आजोबांचे हात मात्र पुष्कळदा केवळ वर्तमानपत्र धरून असतात. ज्या हातांना साडीची घडी मोडू न देता चाळीस वेळा उलगडून दाखविता येते, पार्सलला सुतळीची पक्की गाठ मारता येते, त्यांना तीन पेड अवघड नाहीत. माझ्या जावयांना मी हे सांगितले. प्रथम ते हसले. आता रविवारची वेणी तेच घालतात, आणि त्यांचा भांग माझ्यापेक्षा सरळ पडतो.

हे सारे तंत्र झाले. ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला ते पुढेच आहे.

वेणी घालताना मूल आपल्याकडे पाठ करून बसते. डोळ्याला डोळा भिडत नाही. दोघांचे हात-पाय अडकलेले असतात, उठून जाता येत नाही. अशा वेळी मुले सहज बोलतात. तिसऱ्या आठवड्यातील एका सकाळी, मी उजव्या वेणीच्या मध्यावर असताना नात म्हणाली, “आजी, फळ्यावरचं मला नीट दिसत नाही. मी शेजारणीच्या वहीतून उतरवते. आईला नको सांगू, ती दमलेली असते.”

मी हात थांबविला नाही. थांबविला असता तर ती गप्प झाली असती. वेणी पुरी केली आणि त्याच दिवशी लेकीशी बोलले. नेत्रतपासणीत दोन्ही डोळ्यांना नंबर निघाला. सहामाहीत तिचे गुण का घसरले होते याचा उलगडा झाला. त्यावरून शिकवणी लावण्याचा विचार चालला होता. प्रश्न गणिताचा नव्हताच, चष्म्याचा होता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. १९९६ साली जी वीस मिनिटे मी वाचविली, त्यांत लेकीने मला काय सांगितले असते, हा विचार मनातून जाईना. दोन दिवसांनी ती आली तेव्हा मी तिला म्हणाले, “तेव्हा तुझे केस कापले, ते चुकलंच माझं.”

ती नातीचे कपडे आवरीत होती. म्हणाली, “अगं आई, केस काय, वाढले की नंतर. तुझी नोकरी होती, मला तेव्हाही कळत होतं.” मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाली, “फक्त मला विचारलं नव्हतंस.”

बँकेत मी खातेदाराच्या सहीवाचून एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. घरात मात्र ज्याचे त्याला विचारले नव्हते. यावर मला उत्तर देता आले नाही; मी तिच्याजवळ बसून कपड्यांच्या घड्या घालीत राहिले. तीस वर्षांनी का होईना, ते वाक्य तिच्या मनातून बाहेर आले, याचे मला समाधान आहे.

तेव्हापासून आमच्याकडे कंगवा हाती घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जातो: “आज काय घालू?” शाळेचा नियम असेल त्या दिवशीही पर्याय राहतोच, वेण्या मागे की कानावर, रिबीन गुंफलेली की नुसती बांधलेली. आठ वर्षांच्या मुलीच्या दिवसात तिला स्वतः ठरविता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. ही एक असू द्यावी.

आता या हिशेबातील शेवटची नोंद. विहीणबाईंचे प्लास्टर निघाले, नात आपल्या घरी गेली. मी तोवर सागरवेणीत तरबेज झाले होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट पाहत होते. सुट्टी लागली, नात राहावयास आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, “आजी, मला केस खांद्यापर्यंत कापायचे आहेत. चष्म्याच्या काडीत अडकतात.”

खरे सांगते, मला वाईट वाटले. इतक्या परिश्रमाने शिकलेली विद्या हातची जाणार, हाही स्वार्थ त्यात होता. “थोडे दिवस थांब,” हे शब्द ओठांवर आले होते. मी ते गिळले. लेकीने तिला दोनदा विचारले, “नक्की ना? वाढायला वेळ लागेल हं.” केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, हा हिशेब मी तिला बोटांवर मांडून दाखविला. तिने विचार केला आणि म्हणाली, “नक्की.” आम्ही तिघी मिळून गेलो. आरशासमोर ती हसत बसली होती.

खांद्यापर्यंतच्या केसांची लांब वेणी होत नाही. परंतु लहानशी शेपटी होते आणि कानाच्या वर एक बोटभर सागरवेणी घालून चापाने बसविता येते. पूर्वी पंधरा मिनिटे लागत, आता सात पुरतात. उरलेली आठ मिनिटेही ती स्टुलावरून उठत नाही. पाठमोरी बसून बोलत राहते आणि मी उगाचच कंगवा फिरवीत राहते.

पुढील अंकी आपल्या नेहमीच्या विषयाकडे, म्हणजे अज्ञान मुलांच्या नावे उघडावयाच्या खात्यांकडे वळू. तोवर रजा घेते.

जय जिनेंद्र.